हिंगुळाची चाकं

भाद्रपद उतरणीला लागला की मला माझ्या साडूचा राग येतो.

वर्षाचे बाकीचे अकरा महिने तो माणूस मला फारसा आठवत नाही. भेटला तर मी हसून बोलतो, त्याच्या गुडघ्यांची चौकशी करतो. त्याच्या नातवाच्या लग्नात मी ऐपतीपेक्षा भारी आहेर केला होता. पण पितृपंधरवडा सरत आला, चाकणच्या बाजारात पोळ्याची दुकानं मांडली गेली, दोऱ्यांवर गोंडे आणि घुंगरमाळा लोंबू लागल्या, की तो मला पदोपदी आठवू लागतो. आमच्या या पट्ट्यात पोळा भाद्रपदाच्या अमावास्येला असतो. त्याच्यापुढे नऊ-दहा दिवसांत दसरा. या दोन सणांमधले दिवस मला आयुष्यात एकदाच नीट जगता आले होते आणि तेही किसनरावांमुळे नासले. किसनराव म्हणजे माझा साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा.

परवा त्या बाजारातून चालत होतो. आता बैल कमी आणि ट्रक जास्त. कारखान्यांच्या बसगाड्या भोंगा वाजवत माणसांना बाजूला सारतात. तरी एका कोपऱ्यात एक दुकानदार बसला होता, त्याच्यापुढे पोत्यावर बैलांची शिंगं रंगवायच्या हिंगुळाची तांबडी रास. "आजोबा, बैलं किती?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "एकही नाही." त्यानं लगेच माझ्यावरची नजर काढून मागच्या गिऱ्हाइकावर लावली. धंद्याच्या माणसानं असंच करावं. पण त्या राशीचा वास नाकात गेला होता. मातीसारखा, थोडा गंजासारखा, आणि खाली कुठंतरी करडईच्या तेलाचा. मी तसाच उभा राहिलो, आणि चाळीस वर्षांपूर्वीची चार चाकं डोळ्यांपुढे आली.

तेव्हा मी दापोडीला राहायचो. रेल्वेच्या रुळांना लागून बैठी चाळ, पुढे सामाईक अंगण, अंगणात एक कडुनिंब. त्या दिवसांतलं ऊन मला अजून अंगावर जाणवतं. पाऊस संपलेला असतो पण जमीन अजून ओली असते, त्यामुळे ऊन वरून आणि वाफ खालून. इंजिनाचा कोळसा बारीक काजळीसारखा सगळीकडे उतरायचा. वाळत घातलेली धोतरं, पापड, बाळांची झबली, सगळ्यांवर. मुंबईच्या रस्त्यावरून ट्रक पिंपरीकडे लोखंड घेऊन जायचे. तिथं नवा कारखाना उठत होता. कालपर्यंत बाजरी होती तिथं आज विटांच्या भिंती. माणसं रोज कुठूनकुठून येत होती. कुणी नगरचा, कुणी रत्नागिरीचा, कुणी बीडचा. आमच्या चाळीत सात खोल्यांमध्ये सात प्रकारचं मराठी ऐकू यायचं.

मी कऱ्हाडकडचा. अंगावरच्या कपड्यानिशी आलो होतो. ट्रक धुतले, मग ट्रकवर क्लीनर झालो, मग ड्रायव्हर. चाकणचा कांदा पुण्याला न्यायचो. तिथंच माझ्या सासऱ्यांशी गाठ पडली, म्हणजे भांडण झालं. त्यांचा कांदा, माझं भाडं. ते एक म्हणाले, मी दुसरं. मी आवाज चढवला, त्यांनी काठी आपटली. शेवटी मी सगळी पोती परत उतरवायला लागलो, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "चढीव रं चढीव. तुझंच खरं." त्या भांडणातून सोयरीक झाली. तरी गावात माझं नाव 'बाहेरचा जावई' असंच राहिलं. किसनराव मात्र चिंचवडच्या जुन्या शेतकरी घराण्यातले. त्यांची विहीर, त्यांचा मळा, त्यांच्या आजोबांचे माझ्या सासऱ्यांच्या आजोबांशी संबंध. दर दसऱ्याला सासरे आपट्याचं पहिलं पान किसनरावांच्या हातात ठेवायचे, दुसरं माझ्या. थोरला जावई आधी, हे मला कळत होतं. पण दर वर्षी ते दुसरं पान घेताना माझी मूठ आपोआप आवळायची आणि पान चुरगळायचं.

मी पै-पै वाचवून लष्कराच्या लिलावातून एक जुनी मोटार घेतली. इंग्रजी बनावटीची, काळी, एका बाजूला खचलेली. तीन दिवस त्या लिलावात उभा होतो. इंजिन मीच उघडलं, मीच बसवलं. पुणे ते चिंचवड भाड्यानं चालवू लागलो. डॉक्टर, वकील, कारखान्याची जागा बघायला येणारे साहेब, सगळे बसायचे. मला वाटायचं, चाकणच्या गावात ज्या जावयाकडे मोटार आहे असा मी एकटा. हे सुख मी जेमतेम सात महिने भोगलं.

मग पिंपरीच्या त्या कारखान्यासाठी जमिनी गेल्या. किसनरावांची वरच्या अंगाची पड जमीन, जिथं कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं, तीही गेली. आणि एके दिवशी त्यांच्या दारात नवीकोरी मोटार उभी राहिली. पिस्त्याच्या रंगाची. चाकांना चकचकीत पोलादी टोप्या. मी विचारलं, "केवढ्याला पाडली?" किसनराव म्हणाले, "त्यानं सांगितलं तेवढ्याला, साडूभाऊ. इचारायचं ऱ्हाऊनच गेलं."

इचारायचं ऱ्हाऊनच गेलं! मी कोथिंबिरीच्या जुडीचा भाव न विचारता पिशवीत टाकत नाही, आणि या माणसाचं मोटारीचा भाव विचारायचं राहून गेलं. त्या दिवशी मला समजलं की माझा हेवा त्याच्या मोटारीचा नव्हता. काही माणसांना वस्तू मिळतात. मागाव्या लागत नाहीत, ओढाव्या लागत नाहीत. त्या येऊन दारात उभ्या राहतात, जसं एखादं वासरू आपणहून गोठ्यात येतं. मला आयुष्यात एकही गोष्ट अशी मिळालेली नव्हती. माझी प्रत्येक वस्तू मी कुणाच्या तरी हातातून सोडवून आणलेली होती आणि प्रत्येकीवर माझ्या नखांचे ओरखडे होते.

बायको एकदा तिच्या अक्काबरोबर त्या मोटारीतून आळंदीला जाऊन आली. आल्यावर भाकरी थापता थापता म्हणाली, "अक्काच्या गाडीच्या चाकात तोंड दिसतं हो."

"तोंड बघायला घरात आरसा आहे."

"आरसा संक्रांतीपासून फुटलाय. दहादा सांगितलं."

मी ताट सरकवून उठलो. बाहेर येऊन माझ्या मोटारीची चाकं बघितली. गंज, चिखल, आणि लष्कराचा जुना हिरवट रंग खपल्या धरून सुटलेला. इंजिन घड्याळासारखं चालत होतं. पण इंजिन बॉनेटखाली असतं. बघणाऱ्याला चाकं दिसतात.

त्याच आठवड्यात सासऱ्यांचा निरोप आला. त्यांच्या बैलजोडीतला एक बैल पावसाळ्यात गेला होता. दुसऱ्याला एकट्याला ते जुंपत नव्हते. दरवर्षी दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी ते छकड्यात बसून शिवेवरच्या आपट्यापर्यंत जायचे, सगळं गाव मागून चालायचं. या वर्षी छकडा नाही. निरोप एवढाच होता : "औंदा मोटारीनं जाऊ." कुणाच्या, ते सांगितलं नव्हतं.

ज्यानं निरोप आणला त्याला मी दोनदा विचारलं. "थोरल्या जावयाच्या म्हणाले का?" तो म्हणाला, "न्हाई. मोटारीनं, येवढंच."

म्हणजे निर्णय व्हायचा होता. म्हणजे माझी बाजू अजून मांडता येत होती. सगळ्या गावापुढे म्हातारा माझ्या मोटारीत बसला तर 'बाहेरचा जावई' हा शब्द शिवेपलीकडे टाकून येता येईल, असं मला वाटलं. तुम्हाला हे पोरकट वाटेल. वाटू दे. तुम्ही कधी दुसरं पान घेतलेलं नसेल.

दापोडीत एक रंगारी होता, मोटारींचं काम करणारा. त्यानं चार चाकांचे जे सांगितले त्यात मला अख्खं टायर आलं असतं. मी म्हणालो, "चाकं रंगवायचीत, देऊळ नाही." तो म्हणाला, "मग स्वतः रंगवा की. ब्रश काय माणूस बघून चालतो का?" शब्दाला शब्द लागला. मी त्याच्या रिकाम्या डब्याला लाथ घातली, तो डबा गटारात गेला, आणि त्याच्याकडे परत जायचा रस्ता बंद झाला. माझ्या रागानं माझं कायम असंच केलंय. सल्ला देणारं माणूस आधी घालवायचं आणि मग सल्ल्याची गरज पडायची.

पण डोकं चालत होतं. पोळा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी चाकणला गेलो. सणाच्या आदल्या दिवशी जो माल सोन्याच्या भावानं जातो, तो सण उलटल्यावर दुकानदाराला ओझं होतो. एक म्हातारा अत्तार आवराआवर करत होता. त्याच्याकडे पायलीभर हिंगूळ उरला होता. कसला लाल तो! ओल्या जखमेसारखा, नव्या कुंकवासारखा. मोटारीला असा रंग कुणाकडे नव्हता. किसनरावांकडेही नव्हता.

"काय भाव?"

"कालचाच."

"काल पोळा होता, चाचा. आज कोण घेणार?"

"भाऊ, पोळा झाला म्हणून रंग काय इटला?"

"रंग नाही विटला. गिऱ्हाईक विटलं."

तो हसला. दात लाल होते त्याचे, पानानं. मग संशयानं म्हणाला, "काल पोळा झाला न् तुमी आज रंग घेताय? बैलं किती हायती?"

इथं मी चूक केली. त्या वेळी मला ती माझी हुशारी वाटली. मोटारीसाठी म्हटलं असतं तर त्यानं भाव तिथंच गोठवला असता. मोटारवाल्याला कुणी सवलत देत नाही. मी तोंड पाडून म्हणालो, "चार. आमच्या कऱ्हाडकडे दसऱ्याला रंगवतात."

त्याला दया आली. भाव उतरवला, वर एक मूठ जास्त घातली, आणि पुडी बांधता बांधता आपणहून शिकवलं. "करडईच्या तेलात कालवा. पातळ न्हाई, काकवीगत. दोन हात मारा. शिंगं महिनाभर झळकतील." मी मान हलवली. मला इंजिनातलं सगळं कळत होतं, रंगातलं काही नाही. रंगारी लोक लोखंडाला उकळलेलं अळशीचं तेल वापरतात, त्याला बेलतेल म्हणतात, ते हवेत सुकून कातड्यासारखं घट्ट होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. करडईचं तेल घरात होतंच. वेगळं घ्यायला लागणार नव्हतं. मी शीळ घालत परत आलो.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चाकं काढली. मोटार विटांवर उभी, चाकं अंगणात पोत्यांवर आडवी. अख्खी चाळ बघायला. विटकरीनं गंज आणि जुना रंग घासला, मग पॉलिश पेपरनं, खालचं लोखंड नितळ होईपर्यंत. पॉलिश पेपर महाग, म्हणून एकेक तुकडा पार कापडासारखा गुळगुळीत होईपर्यंत वापरला. टायरला रंग लागू नये म्हणून बायकोनं वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीनं चिकटवल्या. ब्रश माझा दाढीचा. ती म्हणाली, "आता दाढी कशानं करणार?"

"दसऱ्यापर्यंत वाढवतो."

"बाबांना वाटेल जावयानं दुःख धरलंय."

पण तीही बसली शेजारी. पदर खोचून, पितळी वाटीत हिंगूळ खलत. तिच्या बांगड्यांचा आवाज, वाटीत फिरणारं बोट, तेलात मावळत जाणारी भुकटी, कडुनिंबाच्या पानांतून अंगावर पडणारे उन्हाचे ठिपके. पहिल्या चाकावर पहिला हात बसला आणि चाळीतल्या बाया "अगं बाई" म्हणाल्या. खरंच सुंदर दिसत होतं ते. मळकट लोखंडातून एकदम सूर्य उगवावा तसं. ती माझ्याकडे बघून हसली. गेल्या कित्येक महिन्यांत ती माझ्या एखाद्या कामाकडे बघून तशी हसली नव्हती. मी आज त्या सकाळीपाशी थांबू शकलो असतो तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

दुसऱ्या दिवशी बोट लावून बघितलं. ओलं. तिसऱ्या दिवशी, ओलं. "हवा दमट आहे," मी म्हणालो. पाचव्या माळेला चिकट. सातव्या माळेला चिकट. इंजिनाची काजळी येऊन बसली, ती पुसायला गेलो तर रंग बोटाला आला. एक माशी बसली ती उठलीच नाही. रोज सकाळी बायको विचारायची, "वाळला?" आणि मी म्हणायचो, "वाळतोय." शेजारच्या खोलीतला बीडचा गृहस्थ रोज तंबाखू मळत यायचा, चाकांकडे बघायचा आणि म्हणायचा, "भाऊ, लई घाई करू नका. पुढच्या दसऱ्याला हायच की."

दसऱ्याच्या सकाळी मला युक्ती सुचली. उरलेला कोरडा हिंगूळ फडक्यात घेऊन चिकट चाकांवर थापला. झालं. चिकटपणा गेला, रंग मखमलीसारखा दिसू लागला. चाकं बसवली, मोटारीला झेंडूच्या माळा घातल्या, नवी टोपी घातली, आणि आम्ही निघालो. भोसरी, मोशी, दोन्ही बाजूंना कापणीला आलेली बाजरी, मध्येच झेंडूचे तुकडे पेटल्यासारखे. रस्ता मात्र धुळीचा. खळ्यांवरून उडणारा भुसा रस्त्यावर यायचा. मी खिडकीतून मान काढून चाकाकडे बघायचो. बायको म्हणायची, "पुढं बघा."

गावात पोहोचलो तेव्हा चाकांवर धूळ होती, भुसा होता, गवताच्या काड्या होत्या, झेंडूच्या पाकळ्या होत्या. शिवाय एक कोंबडीचं पीस. आणि पिंपळाच्या सावलीत किसनरावांची पिस्ता मोटार उभी होती, नुकतीच अंघोळ केलेल्या माणसासारखी.

वेशीत बसलेल्यांपैकी एकजण ओरडला, "पाव्हणं, बैलं कुठं सोडली?" सगळे हसले. मी खाली बसून काड्या वेचू लागलो. वेचता वेचता डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला गोठ्यापाशी दोन माणसं दिसली. किसनराव आणि सासरे, डोक्याला डोकं लावून. किसनराव काहीतरी सांगत होते, सासरे मान हलवत होते. माझ्या कानशिलात रक्त चढलं. म्हटलं, झालं. तिकडे व्यवहार उरकला आणि आपण इथं कोंबडीची पिसं काढतोय.

सासरे आले. पांढरं शुभ्र नवं धोतर, गुलाबी फेटा, हातात काठी. दोन्ही मोटारींभोवती एक फेरी मारली. बैलबाजारात मारतात तशीच. माझ्या मोटारीपाशी थांबले. वाकून एक बोट चाकाला लावलं, अंगठ्यानं चोळलं, नाकाशी नेलं.

"करडीचं त्याल?"

मी म्हणालो, "हो मामा."

"जावईबापू, शिंग त्याल पितं. लोखंड कशाला पील?"

पुन्हा हशा. मला वाटलं, धरणीनं गिळावं. आणि मग, हे मी आजही डोळे मिटून जसंच्या तसं बघू शकतो, म्हाताऱ्यानं काठी माझ्या बायकोच्या हातात दिली, माझ्या मोटारीचं दार उघडलं आणि ते पुढं, माझ्या जागेशेजारी बसले.

शिवेपर्यंतचं अंतर किती असेल? अर्धा मैल. मी पहिल्या गिअरवर नेलं. ढोल पुढं, गाव मागं, आणि त्या गर्दीमागं कुठंतरी किसनरावांची मोटार, रिकामी उभी. मी आयुष्यात पुढे तीन ट्रक घेतले, घर बांधलं, मुलं शिकवली. पण तसा अर्धा मैल पुन्हा चालवला नाही. स्टिअरिंग माझ्या हातात लोण्यासारखं फिरत होतं. शेजारी म्हाताऱ्याच्या अंगाला नव्या कापडाचा आणि तपकिरीचा वास येत होता. एकदा ते म्हणाले, "इंजन ग्वाड वाजतंय तुझं." मी वेग आणखी कमी केला.

आपट्यापाशी ते उतरले तेव्हा धोतराचा सोगा चाकाला घासला. पांढऱ्यावर वीतभर लाल फराटा. बायांनी तोंडाला पदर लावले. सासऱ्यांनी खाली बघितलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. बैल गेला तवापासनं अंगाला हिंगूळ लागला नव्हता." आणि पूजेला गेले. त्या दिवशीही पहिलं पान किसनरावांनाच दिलं. पण माझी मूठ आवळली नाही. माझं पान अख्खं राहिलं.

परत आल्यावर घरात पुरणाचा वास भरला होता. सासऱ्यांनी दुसरं धोतर नेसलं. परसात अक्का त्या डागाला रॉकेल लावून चोळत होती. मला वाटलं, डाग आपला, आपणच काढावा. जाऊन म्हणालो, "अक्का, द्या इकडे."

"असू द्या हो, निघतंय. तुमची चाकं फार छान दिसत होती." मग तिनं हसत हसत, माझ्यावर माया करावी म्हणूनच, सांगितलं. "बाबा आधी आमच्याच गाडीपाशी निघाले होते. ह्यांनीच त्यांना गोठ्याकडं नेलं. म्हणाले, 'माझ्या गाडीत एरवी बसताच की. आज साडूभाऊंच्या गाडीत बसा. नऊ दिवस राबलाय त्यो माणूस चाकांवर, बघा जरा.' बाबांना पटलं लगेच."

रॉकेलचा वास, पुरणाचा वास, आणि माझ्या तोंडात एकाएकी कडू चव.

हे मी नीट सांगायचा प्रयत्न करतो. सासरे किसनरावांच्या मोटारीत बसले असते, तर मी भांडलो असतो, वर्षभर बोललो नसतो, आणि शेवटी विसरलोही असतो. हरण्याची मला सवय होती. हरून पुन्हा भाव करायला बसायचं, हाच माझा धंदा होता. पण आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी न मागता मिळालं होतं, आणि ते त्याच्या खिशातून आलं होतं. त्याच्याकडे एवढं होतं की त्यानं मानसुद्धा सहज काढून दिला. जसा मोटारीचा भाव विचारायचा राहून गेला, तसंच हेही. मी ज्या अर्ध्या मैलासाठी नऊ दिवस माशा हाकलल्या, तो त्याला जाता जाता देता आला.

मी अक्काच्या हाताजवळची रॉकेलची बाटली उचलली, एक फडकं घेतलं आणि बाहेर आलो. बायको मागून धावली. "अहो, पानं वाढलीत." मी ऐकलं नाही. पिंपळाखाली बसलो आणि पहिलं चाक पुसायला सुरुवात केली. रंग लगेच सुटला, तो वाळलाच नव्हता. फडकं लाल, हात कोपरापर्यंत लाल, नव्या सदऱ्याच्या बाह्या लाल. पोरं जमली. वेशीतला तो मघाचा माणूस पुन्हा काहीतरी बोलायला तोंड उघडत होता, पण माझ्याकडे बघून मागे सरला.

तेवढ्यात कुणीतरी शेजारी येऊन उकिडवं बसलं. किसनराव. त्यांनी फेटा काढून बाजूला ठेवला होता आणि हातात दुसरं फडकं होतं. अक्कानं सांगितलं असणार. त्यांनी दुसऱ्या चाकाकडे हात नेला.

"हात लावू नका," मी म्हणालो.

"का वो साडूभाऊ?"

"माझी चाकं आहेत."

"मग? चार हायती. दोन तुमी, दोन मी. जेवाण थंड होतंय."

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं मामांना बोलायला?"

त्यांनी फडक्याची घडी घातली, उलगडली. "चुकलंच माझं," म्हणाले. "तुमाला कळू द्यायचं नव्हतं."

यावर माणसानं काय भांडावं? मला येतं ते एकच. मी म्हणालो, "एक चाक. एकच घ्या."

"दोन."

"एक. नाहीतर उठा."

"बरं, एक," ते म्हणाले. भाव करणं त्या माणसाला येतच नव्हतं.

आम्ही दोघं उन्हात बसून पुसत राहिलो. आतून दोनदा हाका आल्या. मी तीन चाकं जोर लावून, दात-ओठ खाऊन घासली. ते आपलं एक चाक सावकाश, जसं म्हशीला धुतात तसं, नटांच्या खाचांतूनसुद्धा बोट फिरवत पुसत होते. संपल्यावर आम्ही उठलो आणि मी मागे होऊन चारही चाकं बघितली. माझ्या तिन्ही चाकांवर कुठं ना कुठं लालसर फराटे राहिले होते.

त्याचं एक चाक स्वच्छ निघालं होतं. त्यात तोंड दिसत होतं.